विषण्ण, खिन्न की हिरमुसलेला? आधी कुठला आनंद गेला ते ठरवा

प्रश्न : मी कथा लिहिते. अलीकडे एका दिवाळी अंकाच्या संपादकांनी माझी कथा परत पाठवली. ९ पानांत 'उदास' १९ वेळा आणि 'दुःखी' ११ वेळा आल्याचं त्यांनी लाल शाईनं दाखवलं होतं. मी समानार्थी शब्दांची यादी समोर ठेवून सगळे शब्द बदलले आणि कथा पुन्हा पाठवली. त्यावर शेरा आला, 'आधीची बरी होती.' बदललेली पाच वाक्यं देते. (१) निकाल पाहून दहावीतला तो मुलगा विषण्ण झाला. (२) पंचवीस वर्षांची नोकरी गेल्यावर बाबा हिरमुसले. (३) बाबा आईला म्हणाले, 'मला आज खूप दुःखी वाटतंय.' (४) स्मशानातून परतलेल्या काकांचा सुतकी चेहरा पाहून सगळे गप्प झाले. (५) आजोबा गेल्यापासून आजी उदासीनपणे खिडकीत बसून असते. आजीचं पात्र आमच्या घरातलंच आहे, त्यामुळे ते वाक्य तरी मला नीट जमायला हवं आहे. काय चुकतंय?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : संपादकांचा दुसरा शेरा कडक आहे, पण रास्त आहे. १९ वेळा 'उदास' आला तेव्हा कथा एकसुरी होती. यादीतले शब्द बसवल्यावर ती चुकीची झाली. एकसुरीपणा वाचक थोडा वेळ चालवून घेतो. चुकीचा शब्द आला की तो तिथेच अडखळतो आणि पात्रावरचा त्याचा विश्वास जातो.

समानार्थी शब्दांच्या यादीत उदास, खिन्न, विषण्ण, म्लान, कष्टी, हताश, उद्विग्न हे सगळे एका ओळीत बसवलेले असतात. 'आनंदी'च्या उलट अर्थाचा शब्द म्हणून त्यातला कुठलाही उचलावा, असं वाटतं. पण आनंद एका प्रकारचा नसतो. हसतमुख माणसाचं हसू गेलं की तो दुर्मुखलेला दिसतो. उत्साही माणसाचा उत्साह गेला की त्याला मरगळ येते. दिलखुलास माणूस बोलेनासा झाला की तो आतल्या आत कुढतो. उमेदीनं उभा असलेला माणूस खचतो. जो कशात तरी रमलेला होता, त्याला करमेनासं होतं. तेव्हा शब्द शोधण्याआधी हस्तलिखिताच्या समासात दोन शब्दांत एवढं लिहा : या माणसाजवळ काल काय होतं, जे आज नाही? मुलाजवळ अपेक्षा होती, बाबांजवळ उमेद होती, आजीजवळ सोबत होती. पुढचं निम्मं काम इथेच होतं.

पहिल्या वाक्यापासून सुरुवात करू. 'विषण्ण' हा शब्द तुम्ही उचललात, आणि तो आहेही फार मोलाचा. 'प्रसन्न' आणि 'विषण्ण' हे एका आईचे दोन मुलगे आहेत. दोन्ही संस्कृतातल्या 'सद्' या धातूपासून आलेले, अर्थ, बसणे. गढूळ पाण्यातला गाळ तळाशी बसला की वरचं पाणी नितळ होतं. अशा पाण्याला संस्कृतात 'प्रसन्न' म्हणतात. 'वि' लागला की मात्र माणूसच खाली बसतो. 'विषाद' त्याच धातूचा. गीतेचा पहिला अध्याय अर्जुनविषादयोग, आणि त्याचा शेवट कशानं होतो? अर्जुन धनुष्यबाण टाकून रथात खाली बसतो. 'विषण्ण'मध्ये हे बसणं आहे : समोरचं सगळं दिसतंय, कळतंय, आणि हात उचलावासा वाटत नाही. त्यामागे मोठं कारण लागतं आणि बऱ्यापैकी पिकलेलं मनही लागतं. दहावीत अपेक्षेपेक्षा सात टक्के कमी पडलेल्या मुलाला तो शब्द वडिलांच्या कोटासारखा ढगळ होतो. (लिहिताना दोन्ही 'ण' जोडून 'विषण्ण' असं लिहावं. 'विषण्न' असं बऱ्याच ठिकाणी छापलेलं दिसतं, ते चूक.)

त्याच्या शेजारचे दोघे-तिघे इथेच पाहून घ्या, कारण तुमच्या कथेत त्यांचीही अदलाबदल झालेली असणार. 'उद्विग्न' आला 'विज्'पासून, म्हणजे हलणे, थरथरणे. विषण्ण माणूस बसतो, उद्विग्न माणूस येरझारा घालतो, पंखा बंद करून पुन्हा लावतो, अर्ध्या वाक्यात उठून जातो. तेव्हा 'तो उद्विग्न होऊन आरामखुर्चीत पडून राहिला' हे वाक्य आतूनच मोडलेलं आहे. 'खिन्न' म्हणजे 'खेद'चाच भाऊ. तो यांच्यापेक्षा हलका, एखादी संध्याकाळ टिकणारा, आणि त्याला कारण लहानही चालतं : मित्र न भेटता गावी परतला, जुनी शाळा पाडलेली दिसली. 'विमनस्क' म्हणजे मन जागेवर नाही. तीनदा विचारल्यावर एकदा उत्तर देणारा माणूस विमनस्क. तो दुःखीच असेल असंही नाही.

मुलासाठी मराठीनं वेगळे शब्द राखून ठेवले आहेत. मूल हिरमुसतं, त्याचं मन खट्टू होतं, त्याचा हिरमोड होतो. तिन्हींत आधी काहीतरी मिळणार होतं आणि ते मिळालं नाही, हे धरलेलं असतं. सहलीच्या सकाळी पाऊस लागला तर हिरमोड. सगळ्यांना बोलावलं आणि आपल्याला वगळलं तर हिरमुसणं. दहावीच्या निकालाला हेसुद्धा थोडे लहान पडतात, कारण निकाल घरात सगळ्यांसमोर लागतो आणि त्यात शरम मिसळलेली असते. शरमेसाठी 'तोंड एवढंसं होणे' आहे. 'निकाल पाहिला आणि त्याचं तोंड एवढंसं झालं.' यात भाव आहे, भोवतालची माणसंही आहेत, आणि 'झाला' या क्रियापदाला टेकून उभं राहिलेलं विशेषण नाही.

चेहऱ्याच्या बाबतीत मराठी फार काटेकोर आहे, आणि लिहिणारे नेमके तिथेच ढिलाई करतात. चेहरा पडतो तो क्षणात, काही ऐकल्यावर किंवा पाहिल्यावर. चेहरा उतरतो तो हळूहळू, आणि त्याला दुःखच लागतं असं नाही. उपास, जागरण, ताप, चार दिवसांची काळजी यांनीही उतरतो. 'फोन ठेवला आणि तिचा चेहरा उतरला' यात फोन आणि उतरणं यांचा वेग जुळत नाही. तिथे 'पडला' हवं. चेहरा कोमेजतो तो लहानांचा, कोवळ्यांचा. कोमेजायला आधी टवटवी असावी लागते. साठीच्या माणसाचा चेहरा कोमेजला असं लिहिलं तर कानाला खटकतं. काळवंडतो तो खोलवरच्या आणि लांबलेल्या चिंतेनं. 'म्लान' हा कवितेतला शब्द आहे. गद्यात आणायचाच असेल तर पूर्ण कथेत एकदाच, तोही हसण्याला जोडून : 'म्लान हसली.'

आता बाबा. पंचवीस वर्षांची नोकरी गेलेला माणूस हिरमुसत नाही. 'हिरमुसले' वाचल्यावर वाचकाला वाटतं, यांना आइस्क्रीम नाकारलं असावं. तुम्ही त्यांच्या दुःखाला नकळत लहान केलंत. त्यांची उमेद गेली आहे, घराचा भार पेलण्याची हिंमत गेली आहे. तेव्हा शब्द 'खचणे'च्या घरातले हवेत. भिंत खचते, जमीन खचते, विहिरीचा काठ खचतो. वरून धड दिसणारी गोष्ट खालून ढासळणं हे बाबांचं नेमकं वर्णन आहे, आणि 'बाबा खचले' हे दोन शब्द त्याला पुरेसे आहेत.

पण इथे एक निर्णय तुम्हाला लेखिका म्हणून घ्यावा लागेल. मराठीत या भावांच्या क्रियापदांच्या जोड्या आहेत. हातपाय गळतात आणि हातपाय गाळतो. धीर सुटतो आणि धीर सोडतो. आस तुटते आणि आस सोडतो. चेहरा पडतो आणि तोंड पाडतो. जोडीतलं पहिलं माणसावर येऊन पडतं, त्यात त्याचा दोष नाही. दुसरं तो स्वतः करतो, आणि करतो म्हणून त्याला बोल लावता येतो. 'बातमी ऐकली आणि बाबांचे हातपाय गळाले' : वाचक बाबांच्या बाजूनं. 'बाबा हातपाय गाळून बसले' : आता कुणीतरी त्यांच्याकडे पाहतंय आणि म्हणतंय, उठा की आता. हेच वाक्य मोठ्या मुलाच्या तोंडी घातलं तर मुलगा कसा आहे ते आपोआप कळतं. आई म्हणेल, 'त्यांचा धीर सुटलाय.' आईची जाऊ म्हणेल, 'भावोजींनी धीरच सोडलाय बघ.' एवढ्याशा फरकात दोन बायकांचे स्वभाव आले. या जोड्यांसाठी एक वेगळी फेरी करा. पात्राला दोष द्यायचा नसताना 'तोंड पाडून', 'हात गाळून', 'कपाळाला हात लावून' असं काही निसटलं असेल तर ते शोधा. तुमच्या बाबांबद्दल तुम्हाला माया आहे, हे पत्रातून कळतं. मग वाक्यांनीही ती राखली पाहिजे.

तिसरं वाक्य, 'मला आज खूप दुःखी वाटतंय.' पन्नाशीचा मराठी माणूस बायकोला असं म्हणत नाही. इंग्रजीत विचार करून मराठीत उतरवलेली वाक्यरचना आहे ही. 'दुःखी' हे दुसऱ्याचं वर्णन करायला बरं : तो दुःखी आहे, दुःखी जीव आहे. स्वतःबद्दल आपण 'मला वाईट वाटतंय', 'मला दुःख झालं', फार तर 'उदास वाटतंय' म्हणतो. हे का, ते समजून घ्या, म्हणजे पुढची बरीच वाक्यं आपोआप सुधारतील.

मराठीत दुःखाचा शब्द एकटा फिरत नाही, त्याचं क्रियापद ठरलेलं असतं. हुरहुर, रुखरुख, चुटपुट, घोर, चटका हे लागतात, जशी तहान लागते. मरगळ, उबग, वीट, गहिवर हे येतात, जसा ताप येतो. खंत, खेद, हळहळ वाटते. हिरमोड, घालमेल, तगमग, कालवाकालव होते. यांची सरमिसळ झाली की वाक्य अनुवादासारखं वाटू लागतं : 'त्याला हुरहुर झाली', 'तिला खंत आली'. दुसरं म्हणजे माणूस कुठल्या विभक्तीत उभा आहे ते पाहा. हुरहुर 'मला' लागते. हिरमोड 'माझा' होतो. 'मला हिरमोड झाला' ही चूक छापील मजकुरातही सापडते. जीव 'माझा' कासावीस होतो. आणि खचतो, कुढतो, झुरतो तो मात्र 'मी'. 'मला' म्हटलं की भाव बाहेरून आला, 'मी' म्हटलं की मी त्यात बुडालो.

बाबांना संवाद द्यायचाच असेल तर तो आडवळणानं द्या. त्या पिढीचे पुरुष भावाचं नाव घेत नाहीत, शरीराचं घेतात : 'आज काही सुचत नाहीये.' 'जेवण नको, पोट जड आहे.' 'डोकं सुन्न झालंय.' हा 'सुन्न' म्हणजे 'शून्य'चंच बोलीतलं रूप, आणि नोकरी गेल्याच्या पहिल्या दिवसाला अगदी चपखल. दुःख जाणवायच्या आधीची ती बधिर अवस्था असते, म्हणून तिसऱ्या आठवड्यात तो शब्द वापरू नका. तिसऱ्या आठवड्यात बाबा कुढतील. कुढणं म्हणजे मनात धरून, कुणाला न सांगता जळत राहणं. झुरणं त्याहून वेगळं : झुरायला कुणीतरी किंवा काहीतरी हवं असावं लागतं. खंगणं शरीराचं, ते कपड्यांवरून दिसतं. 'नोकरीच्या दुःखानं झुरले' चुकीचं. 'नोकरी गेल्यापासून कुढतात, खंगलेत' बरोबर.

'दिलगीर' आणि 'नाराज' हे दोन शब्दही तुमच्या यादीत असतील, ते बाजूला काढा. 'दिलगीर' फारसीतून आला तेव्हा दुःखीच होता. आज तो माफीचा शब्द झाला आहे, स्थानकावरच्या घोषणेत ऐकू येतो तोच. 'नाराज' म्हणजे राजी नसलेला. त्यात दुसऱ्याबद्दल तक्रार असते. बाबा कंपनीवर नाराज असतील, पण स्वतःशी ते नाराज नाहीत, खचलेले आहेत. 'मायूस' हिंदी मालिकांतून घरात शिरलाय. पात्रच तसं बोलणारं असेल तर ठेवा, निवेदनात नको.

हुरहुरीच्या कुटुंबाकडे थोडं थांबून बघण्यासारखं आहे, कारण तुमच्या १९ 'उदास'पैकी निदान चार-पाच इथले असतील असा आमचा अंदाज आहे. मुलगी उद्या परदेशी निघणार, बॅगा दारात उभ्या आहेत, सगळं चांगलंच चाललंय, तरी आईला काहीतरी होतंय : ती हुरहुर. तिचं तोंड पुढच्या काळाकडे असतं, किंवा कुठेच नसतं. बाकीच्या भावंडांची तोंडं मागे वळलेली. चुटपुट लहान आणि ताजी : एका गुणानं हुकलेला नंबर, निघताना सांगायचा राहिलेला निरोप. रुखरुख तीच, पण घर करून राहिलेली. आजोबांना शेवटचं भेटता आलं नाही, याची चुटपुट लागली असं कुणी लिहिलं तर ते क्रूर वाटेल, तिथे रुखरुखच हवी. हळहळ बहुधा दुसऱ्यासाठी असते, आणि तिला गाव लागतं : तरणाताठा पोरगा गेला, सगळा गाव हळहळला. खंत वर्षानुवर्षांची, तिच्यात स्वतःच्या वागण्याचा हिशेब असतो. आणि सल. हा 'शल्य'पासून आलेला. शल्य म्हणजे बाणाचं टोक, शल्यचिकित्सेतलंच. बाण काढला पण टोक आत राहिलं, असं जे दुःख अधूनमधून दुखतं, एरवी जाणवत नाही, त्याला सल म्हणावं. तो एका कथेत एकाच पात्राला द्या.

चौथं वाक्य तातडीनं बदला. 'सुतकी चेहरा' हा टोमणा आहे. घरात कुणी गेलेलं नसताना गेल्यासारखं तोंड करून बसणाऱ्याला आपण म्हणतो, 'काय हा सुतकी चेहरा!' ज्याच्या घरी खरंच सुतक आहे, त्याला हा शब्द लावला की वाचक दचकतो, आणि काकांवर तुम्ही हसताय असं होतं. तसंच 'एरंडेल प्यायल्यासारखा चेहरा', 'चेहऱ्यावर बारा वाजलेत', 'टिपं गाळत बसली', 'रडतराऊ' या सगळ्यांत चेष्टा किंवा वैताग आहे. मृत्यूच्या जवळपास ते नकोत. 'शोकाकुल' नको, तो निधनवार्तेच्या चौकटीतला शब्द झाला आहे. नाट्यशास्त्रानं केलेला एक भेद मात्र इथे उपयोगी पडतो. तिथे शोक हा करुण रसाचा स्थायी भाव आहे, आणि विषाद, दैन्य, चिंता, ग्लानी हे येऊन जाणाऱ्या ३३ संचारी भावांत मोडतात. म्हणजे शोक खाली वाहत राहतो आणि हे त्यावर उमटून विरतात. कथेत शोकाचं नाव घ्यायची गरजच पडत नाही, वरचं उमटणं दाखवलं की पुरे. काका आल्यावर चपला काढायच्या विसरले, की अंगणात पाय धुताना तांब्या हातात धरून तसेच उभे राहिले? एक कृती द्या, चेहऱ्याचं विशेषण काढून टाका.

रडण्याचं थोडक्यात सांगतो, कारण तिथे चूक मापाची असते. डोळे पाणावतात, मग भरून येतात, मग माणूस मुसमुसतो, हुंदके देतो, स्फुंदतो, हमसून हमसून रडतो, ढसाढसा रडतो, ओक्साबोक्शी रडतो, धाय मोकलतो. मुसमुसणं दाबलेलं आणि उशीत तोंड खुपसलेलं. ढसाढसा रडताना भान सुटलेलं असतं पण माणूस एकटा असू शकतो. धाय मोकलायला कुणीतरी धरायला लागतं. हंबरडा वासराला शोधणाऱ्या गाईचा. तो फक्त मरणाच्या किंवा तेवढ्याच मोठ्या आघाताच्या प्रसंगी. कथेत पहिल्याच प्रसंगी ओक्साबोक्शी रडून घेतलं, तर शेवटच्या प्रसंगाला तुमच्याकडे पायरी उरत नाही. आधी शेवटचा प्रसंग ठरवा आणि तिथून उलटं खाली उतरा.

आता कामाची पद्धत. कथेच्या पहिल्या खर्ड्याची छापील प्रत घ्या. प्रत्येक 'उदास' आणि 'दुःखी'ला गोल करा, आणि समासात 'काय गेलं', 'किती वेळ झाला', 'कोण बघतंय' ही तीन उत्तरं लिहा. ज्या ठिकाणी तिन्ही उत्तरं पुढच्या-मागच्या वाक्यांतून कळतातच, तिथला शब्द सरळ खोडा, पर्याय शोधू नका. तीसपैकी निम्मे इथेच जातील. उरलेल्यांत निवेदनाचे शब्द आणि पात्रांच्या तोंडचे शब्द वेगळे करा. खिन्न, विषण्ण, उद्विग्न, विमनस्क हे निवेदनातच शोभतात. शेवटी पान मोठ्यानं वाचा. यादीऐवजी दाते-कर्व्यांचा महाराष्ट्र शब्दकोश जवळ ठेवा. १९३२ ते १९३८ या काळात निघालेले त्याचे मूळ सात खंड शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर मोफत शोधता येतात, मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची १८५७ सालची दुसरी आवृत्तीही तिथेच आहे. कोशात अर्थ वाचून थांबू नका. शब्दाखाली दिलेली वाक्यं आणि वाक्प्रचार वाचा. शब्द कुठल्या क्रियापदाचा हात धरून चालतो ते तिथे कळतं.

आजीचं वाक्य मुद्दाम शेवटी ठेवलं. 'उदास' आणि 'उदासीन' दोन्ही एकाच घरचे, दोन्हींत 'अलिप्त, बाजूला बसणे' हा मूळ अर्थ. तुकोबांच्या 'जोडोनियां धन उत्तम वेव्हारें, उदास विचारें वेंच करी' या ओळीत 'उदास' म्हणजे दुःखी नव्हे. पैसा मिळवा आणि निरिच्छपणे खर्च करा, असं ते सांगतात. पुढे 'उदास' दुःखाकडे सरकला, 'उदासीन' मात्र आजच्या गद्यात बेपर्वा, तटस्थ या अर्थाला चिकटून राहिला : सरकार उदासीन, मतदार उदासीन. बालकवींनी 'कोठुनि येते मला कळेना उदासीनता ही हृदयाला' लिहिलं तेव्हा त्यात खिन्नताच होती, आणि कवितेत ती आजही तशीच ऐकू येते. पण तुमच्या वाक्यात 'आजी उदासीनपणे बसते' वाचणाऱ्याला वाटेल, आजीला कुणाचं सोयरसुतक नाही. आणि तिचं दुःख नेमकं उलट आहे.

आजीची सोबत गेली आहे. तिच्यासाठी मराठीत एक क्रियापद आहे, ज्याच्या तोडीचं दुसरं आम्हाला माहीत नाही : करमणे. करमणूक त्यातूनच. करमतं तेव्हा ते कुणाच्या लक्षातही येत नाही. बहुतेक वेळा ते नकारातच उच्चारलं जातं. 'मला करमत नाही गं.' विदर्भातली आजी 'गमत नाही' म्हणेल. तुमची आजी नाशिककडची, तिला 'करमत'च द्या. त्याच्या जोडीला घरातल्या गोष्टी येऊ द्या : अन्न गोड लागत नाही, घर खायला उठतं, तिन्हीसांजेला जीव कातर होतो, चुकल्याचुकल्यासारखं वाटतं. यातले दोनच निवडा. उदाहरणार्थ : 'आजोबा गेल्यापासून आजीला घरात करमेना. दुपारचा चहा ती अजून दोन कपांचाच टाकते, आणि मग खिडकीशी जाऊन बसते.' यात 'उदास' कुठे लागला? सगळ्या कथेत तो एकदाच राखून ठेवा, आजोबांच्या रिकाम्या खाटेच्या परिच्छेदासाठी, तोही खोलीला लावून : 'खोली उदास वाटत होती.'

आजी तुमच्या घरातली आहे असं लिहिलंत, म्हणून शब्दांच्या पलीकडचं एक सांगायला हवं. 'निराशा' आणि 'नैराश्य' यांतला फरक कथेपुरता नाही. निराशा अपेक्षा मोडल्याची असते आणि ओसरते. नैराश्य हा आजार आहे. माणूस दोन आठवड्यांहून जास्त काळ जवळजवळ रोज, दिवसाचा बहुतेक वेळ खचलेला असेल, आवडत्या गोष्टींतलंही मन उडालं असेल, जेवण आणि झोप बिघडली असेल, तर 'वय झालं, सोबत गेली, असं होणारच' म्हणून सोडून देऊ नये. म्हातारी माणसं अशा वेळी मन दुखतंय म्हणत नाहीत. अंग मोडलंय, भूक नाही, झोप लागत नाही म्हणतात, आणि घरचे पित्ताची गोळी आणून देतात. तसं काही दिसत असेल तर आजींना डॉक्टरांकडे न्या. केंद्र सरकारच्या 'टेली-मानस' या मानसिक आरोग्याच्या दूरध्वनी सेवेचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, दिवसरात्र चालू असतो आणि तिथे मराठीत बोलता येतं. फोन आजींनीच करायला हवा असं नाही, त्यांच्याबद्दल विचारायला तुम्हीही करू शकता.